भीती कुणाला सांगायची

आई, तुला नेमकी कशाची भीती वाटायची? मला सांगता येत नाही. तापात तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. अण्णांना सोलापूरच्या बाजारातून यायला जरा उशीर झाला की तू चुलीपुढून उठून दारात यायचीस, परत आत जायचीस, तोवर भाकरी करपलेली असायची. मग, अजून डोळ्यांपुढं आहे, आत्या तुझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकते. ठसका येत नाही. "बघा, नजरच हाय! एवढ्या मिरच्या जाळल्या, कुणी खोकलं तरी का?" सगळे हसतात, तूही हसतेस. कारण सापडलं, म्हणून डॉक्टर राहूनच गेला.

आता माझं तसंच होतं. घरातली पहिली पदवीधर मी. पुण्यात पोर्तुगीज शिकले, आता तामलवाडीत घरी बसून ब्राझीलच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवते. फोन वाजला की छाती धडधडते, अण्णांचंच काही झालं असं वाटतं. कॉलेजात इंग्रजी निबंधात लिहिलं होतं, कित्येक महिने मी घाबरलेली आहे. सरांनी खाली 'उत्तम' लिहिलं. पोर्तुगीजच्या तासाला बाईंनी विचारलं, हल्ली कशी आहेस? मी म्हणाले, 'आंदु कों मेदु', भीती घेऊन फिरते आहे. बाई म्हणाल्या, "खरंच, की सराव?" मी म्हणाले, सराव. परक्या भाषेत बोललेलं मागं घेता येतं. घरात बोलले की आत्या म्हणणार, "आईवर गेली गं बाई, आता हिला कोण करून घेईल?" त्याहून जास्त भीती, हे ऐकून अण्णांचा चेहरा कसा होईल याची होती.

परवा सकाळी अण्णा म्हशीची धार काढत होते.

"अण्णा, मला सारखी भीती वाटती. आईला वाटायची तशी."

त्यांचे हात थांबले. "कवापासनं?"

"लई दिवस झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी मिरच्या ओवाळायला लावताल म्हणून."

ते हसले नाहीत. "आवर तुझं. धाराशिवला डॉक्टरकडं जाऊ."

गेलो. डॉक्टरीणबाईंपुढं मी इंग्रजीत सुरुवात केली, मग थांबले, आणि शेजारी बसलेल्या अण्णांना कळेल असं सगळं सांगितलं. गोळ्या सुरू आहेत. भीती गेलेली नाही. हे लिहितानाही दोनदा उठून दाराची कडी बघून आले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. खरं सांगू, असता तरी पाठवलं नसतं. तुझ्या जिवाला घोर लागला असता. आत्याला अण्णा सांगणार होते. त्याआधीच आज सकाळी मीच जाऊन सांगून आले.