रविवारी येतोय

प्रिय डेक्लन,

हे पत्र काही मी टपालात टाकणार नाही.

शुक्रवारी टेरी खाटकाकडे गेले, तर तो म्हणाला, "काय गं नोरीन, पोरगा निवृत्त झाला की! तुला आधीच सांगितलं असेल ना?"

"सांगितलं की," मी म्हटलं. खरं तर मला ते तिथेच, त्याच्या तोंडून कळलं. ऑस्ट्रेलियाकडून अकरा वर्षं तू बॅटिंग केलीस, फास्ट बॉलिंग करून पाठ मोडून घेतलीस, दोनदा ऑपरेशन झालं. सगळं मला इथल्या, आपल्या डबो गावच्या लोकांकडूनच कळत आलं.

"मग आता घरी येईल?" टेरीने विचारलं.

"रविवारी येतोय." तोंडून निघूनच गेलं. त्याने हौसेने कोकराची अख्खी तंगडी बांधून दिली.

काल तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस.

आज दुपारी तंगडी भाजायला ठेवली, सोबत बटाटेही. कुंपणापलीकडून शेजारची वेरा ओरडली, "काय वास सुटलाय गं! आला वाटतं आपला हिरो?"

"हळू बोल," मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तुझी,
आई