अक्कांना दिलेल्या गोळ्या

सर, धुळ्याच्या कॉलेजात मी साधा दात काढलेल्या एका पेशंटला अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, तो दिवस अजून लख्ख आठवतो. तुम्ही ओरडला नाहीत. पेशंट गेल्यावर हात धुता धुता एवढंच विचारलंत, "हे औषध त्याच्यासाठी होतं की तुझ्या धीरासाठी?" मी मान खाली घालून उभी आहे आणि तुम्ही टॉवेल शोधताय.

आता जळगावात मेहरूणला माझा दवाखाना आहे. मी इम्प्लांट बसवते, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर दात. धडधाकट माणसाला आधी दिलेला अँटिबायोटिकचा एक डोस पुरतो, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येकाला नंतर आठवडाभराच्या गोळ्या लिहीत आले. इम्प्लांट सैल झालं तर पेशंट दुसरीकडे जाईल, ही धास्ती. आणि आजूबाजूचे बरेच जण लिहितातच, हा आधार.

मागच्या उन्हाळ्यात यावलकडच्या एक अक्का आल्या. केळीच्या बागेत राबलेल्या, साठीतही ठणठणीत. इम्प्लांट छान बसलं. पण गोळ्या संपता संपता जुलाब लागले ते थांबेचनात, सलाईनवर ठेवावं लागलं. मुलाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का. गोळ्यांचं नावही काढलं नाही. बऱ्या होऊन अक्का तपासून घ्यायला आल्या त्या माझीच समजूत घालत. पोट त्यांचंच नाजूक, माझ्या औषधाला बोल नको म्हणाल्या. खुर्चीत त्या निम्म्या झालेल्या दिसत होत्या. मला राहवलं नाही.

"अक्का, त्या गोळ्यांची तुम्हाला गरज नव्हती."

त्या बघत राहिल्या. "मंग लिव्हल्या कायले?"

"मला भीती वाटते म्हणून."

त्या पदर सावरून उठल्या. स्क्रूवरचा दात त्यांनी दुसरीकडे बसवून घेतला, असं मुलाने नंतर कळवलं. तेव्हापासून मी गरज नसताना त्या गोळ्या लिहीत नाही. पेशंट जिना उतरेपर्यंत मात्र जीव खालीवर होतो.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या शोकसभेत मी उठून म्हणाले होते, सरांनी शिकवलं तसंच काम करते. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, समोर बसल्या होत्या; त्यांनी डोळे पुसले. तेव्हाही मी सगळ्यांना गोळ्या लिहीतच होते. बाई अजून धुळ्याच्या घरीच असतात. हे पत्र निदान त्यांना वाचायला द्यावं, असं लिहिताना वाटत होतं. देणार नाही.