गाडी सुरू होऊ नये म्हणून

प्रिय वहिनी,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची दोन बोटं प्लॅस्टरमध्ये आहेत. ती कशी मोडली ते सांगतोच, पण आधी हे वाच: दादा आत्ता कोठडीत आहे. तुला आणि भिंगरीला आज तरी त्याची भीती नाही. जरा श्वास घे आणि मग पुढचं वाच.

गेल्या महिन्यात एका दुपारी, तू पळून जाताना मागे राहिलेली तुझी पांढरी गाडी टोचन लावून माझ्या गॅरेजसमोर आली. स्टिअरिंगवर दादा. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायचे आणि स्टार्टर ढिम्म. "आजच्या आज कर, लांब जायचंय," म्हणाला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, सुधारला वाटतं. मी तरी किती बावळट! तुझ्या कानाचा पडदा फाडला त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो असाच इस्त्री करून, हातात फुलं घेऊन आला होता.

बिघाड लगेच कळला. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून कंट्रोल मॉड्यूलमध्ये गेलं होतं. आठवतं, मी तुला एकदा ती काळी पेटी दाखवली होती? चावी ओळखायची तिने, स्टार्टरला हुकूम द्यायचा तिने, दिवे लावायचे तिने. तू म्हणालीस, "म्हणजे ही गाडीची सासू!" आणि आई पण हसली होती. ती पेटी असते डॅशबोर्डच्या खणामागे. म्हणून मी बॅटरीची तार सोडवली आणि खण रिकामा करायला घेतला. विम्याचे कागद निघाले, भिंगरीची केसांची क्लिप निघाली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक सुरा. नवा कोरा. त्याच्याखाली चिकटपट्टीचं जाड भेंडोळं.

दादा दारातून बघत होता. मला वाटलं काहीतरी थाप मारेल. तर उलट सांगायलाच लागला. तू आता राहतेस त्या गावाचं नाव, बेकरीच्या वरची खोली, भिंगरीची शाळा कधी सुटते, सगळं. "आली तर ठीक. नाही आली तर तिथेच संपवतो दोघींना." आवाज इतका शांत, की जणू टायर बदलायला सांगतोय. हा पत्ता त्याला मिळाला कुठून, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंही नाही.

मी म्हटलं, ओलावा साफ करावा लागेल, पेटी बाहेर काढतो. खण उतरवला, हात आत घालून कनेक्टरच्या खिट्ट्या दाबल्या, एकेक सोडवला, नट काढले. वहिनी, हे काम मी डोळे मिटून करतो, पण त्या दिवशी पाना दोनदा हातातून निसटला. पेटी फडक्यात गुंडाळली आणि साफ करायच्या निमित्ताने मागे जाऊन खिडकीतून शेजारच्या वेल्डरच्या पत्र्यांमागे सोडली. परत येऊन सांगितलं, पेटी जळलीय, नवी मागवावी लागेल, आठवडा जाईल.

लहानपणापासून माझं खोटं त्याला मानेवरून कळतं. मान लाल होते माझी. त्याने शटर ओढून घेतलं. पहिली थप्पड मला नीट दिसलीही नाही. मग केस धरून डोकं बॉनेटवर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यांत गेलं. "पेटी कुठंय?" मी गप्प. पोटात लाथ. मग त्याने माझा हात ओढून टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घातला आणि दांडा फिरवायला लागला. प्रत्येक फेऱ्याला तोच प्रश्न. पहिलं बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुसऱ्याचा ऐकला नाही, कारण तेव्हा मी ओरडत होतो.

त्या ओरडण्याने आई वरच्या घरातून आतल्या जिन्याने धावत आली. आणि काय म्हणाली माहितीय? मला म्हणाली, "अरे, देऊन टाक ना त्याला काय हवंय ते!" वर्षानुवर्षं तुलाही तेच सांगत आलीय ना ती. मग तिला सीटवरचा सुरा दिसला. "हा कशाला?" दादा मागे न बघता म्हणाला, "तुझ्या सुनेला. आणि मध्ये आली तर तुझ्या नातीला."

खाली चाकाचा पाना पडला होता, तो आईने दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली बसला, पण बसता बसता त्याने तिला भिंतीवर असं भिरकावलं, की तिच्या खांद्याचं हाड मोडलं. तेवढ्यात मी डाव्या हाताने व्हाइस सैल केला. पुढचं मला धड आठवत नाही. तोच पाना माझ्या हातात होता एवढं खरं. वेल्डरने शटर वर करून मला मागे ओढलं तेव्हा दादा हलत नव्हता, आणि तरी मी मारतच होतो. आणि वहिनी, मला बरं वाटत होतं. अजून कधीकधी माझ्या हाताकडे बघून मला दादाचाच हात वाटतो.

तो जगला. इस्पितळातून थेट कोठडीत गेला. पोलिसांपुढे पहिला जबाब आईने दिला, गळ्यात झोळी बांधून. "माझ्या मुलाने" असं म्हणाली आणि मग सगळं सांगितलं, तुझ्या कानापासून.

गाडी दादाच्या नाही, तुझ्या नावावर, म्हणून पोलिसांनी ती तुझ्यापर्यंत पोचवायला माझ्याकडे दिली. पेटी वेल्डरने जपून ठेवली होती. मी ती उघडून वाळवली, सोल्डरिंगचे गंजलेले टाके डाव्या हाताने पुन्हा घातले. पण परत बसवायची कशी? माझी बोटं आत जाईनात. शेवटी आई म्हणाली, मी बसवते. एका हाताने! डॅशबोर्डखाली डोकं घालून बसली. मी टॉर्च धरून सांगत होतो, आता रुंद कनेक्टर, खटका वाजेपर्यंत दाब. पहिला खटका वाजला, दुसरा वाजला. तिसरा वाजेना. मी वाकून बघितलं तर ती तशीच रडत बसलेली. तिथेच, मान वर न करता तिने सांगितलं. दादाला तुझा पत्ता तिने दिला होता. तू विश्वासाने फक्त तिला कळवलेला पत्ता. तो तिच्या पायावर डोकं ठेवून रडला, म्हणाला, माफी मागून घेऊन येतो. तिने मानलं.

मी गॅरेजबाहेर निघून गेलो. तिच्याकडे बघवेना. परत आलो तेव्हा सगळे कनेक्टर लागले होते. नट घट्ट केले, तार जोडली, चावी फिरवली. एका दमात सुरू झाली.

सोमवारी दादा जामिनावर सुटतोय, म्हणून हे पत्र. भिंगरीला घे आणि तुझ्या गाडीने ते गाव सोड. कुठे जाणार ते मलाही सांगू नकोस. गाडी वेल्डरने आणलीय, तो बसने परत येईल. पत्र मात्र तुझ्या हातात आईने दिलं असेल, आणि बहुधा तू तिच्या तोंडावर दार लावून हे आत वाचत असशील. तिला बरोबर ने असं लिहायला तिने मला सांगितलं नाही, पण तिला या घरात दादाबरोबर ठेवायला माझं मन धजत नाही. तिला बरोबर न्यायचं की वेल्डरबरोबर परत पाठवायचं, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही, तीही नाही. ती जिन्यात बसून राहील. फक्त जे काय असेल ते दार उघडून तिला सांग.

तुझाच,
भाऊजी