काळ्या ठिपक्याची भाकरी

प्रिय आत्याबाई,

गेलेल्या सासूला सून पत्र लिहिते, हे ऐकून पदर तोंडाला लावून हसला असतात तुम्ही! पण आज सकाळी भंडारदऱ्याच्या आपल्या खानावळीचं वेबपेज सुरू झालं आणि सांगायचं होतं ते तुम्हालाच. मग लिहू नको तर काय करू?

आठवतंय? पाहुण्यांना जेवणाचा बेत फोनवर पाठवायचा होता. अक्षरं तुम्हाला येत नव्हती. पण इमोजींच्या ढिगातून बोट फिरवत तुम्ही खेकडा काढलात, मिरची काढलीत, कोंबडीही सापडली. आपली नाचणीची भाकरी मात्र सापडेना.

"आख्ख्या जगाचा पाव हाय हितं, केक हाय, आन् आमची नागली कुठं गेली गं?"

मी रोटीचं चित्र दाखवलं, तर केवढ्या फणकारलात! "ही गोरी कुणाची? आपली काळी हाय. काळा ठिपका टाक. लाजायचं काय त्यात!"

आपल्या वाडीत पाहुणा आला की नागली झाकायची आणि चपाती वाढायची, ही रीत. ती मोडणाऱ्या पहिल्या तुम्हीच. किती अभिमान वाटायचा मला!

एक राग मात्र आहे. ती भाकरी थापायला मला नीट शिकवलंच नाहीत! "ऱ्हाऊ दे, मी हाय ना," म्हणायचात. आता कुठे आहात?

पेज करणारी मुलगी म्हणाली, "ताई, काळा ठिपका बघून लोकांना वाटेल चित्र उघडलंच नाही. रोटी टाकू का?" मी म्हटलं, "आमच्या आत्याबाईंचा ठिपका आहे तो. सगळ्यात वर टाक, शेजारी नागलीची भाकरी असं लिही." अगदी तुमच्यासारखी फणकारले बघा!

आणि दुपारी पहिली ऑर्डर आली. अनोळखी माणसं. 🦀 🌶️ आणि पुढे ⚫⚫⚫⚫⚫⚫. एकही चपाती नाही! मी फोन घेऊन घरभर नाचले. तुमच्या लेकाला दाखवला, तर ते ठिपक्यांकडे बघत बसले आणि डोळे पुसत चुलीसाठी लाकडं फोडायला गेले.

रविवारी हेच पाहुणे जेवायला येतायत. माझी भाकरी अजून कडेला चिरते, तव्यावर टाकताना मोडते. आजपासून रोज थापणार आहे. पण शब्द देते आत्याबाई, रविवारी मोडली तरी काळीच वाढीन.

तुमची सून,
सुमन ⚫