दोनशे बारांच्या जागी एक

३ मार्च, सोमवार
नवी नोकरी, नवं शहर आणि चक्क खिडकीजवळची जागा! खुर्ची करकरत नाही, यंत्रातली कॉफी पिण्याजोगी आहे. बायको खूश, सहा वर्षांची आमची चिमणी नव्या शाळेवर खूश. काम रुग्णालयांसाठीच्या वेब अ‍ॅप्लिकेशनचं, जावा या संगणकभाषेतलं. इथल्या मोठ्या रुग्णालयात तेच चालतं. माझ्याआधीचा महाभाग मागे जो कोड ठेवून गेलाय, तो पाहून कपाळावर हात मारला. साहेब म्हणाले, हवं ते बदला. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस आडवा येत नाही, हे काय कमी आहे!

५ मार्च, बुधवार
महाभागाने चुकांचे दोनशे बारा संदेश लिहिलेत. दोनशे बारा! निळे माहितीचे, पिवळे सावधगिरीचे, लाल काम अडल्याचे. "आपण निवडलेली तारीख उलटून गेली आहे, कृपया पुढची निवडावी." घरी जावई आलाय का? पिवळे तर निबंधच. या रुग्णाला अमुक औषध चालत नाही, मागच्या वेळी असं असं झालं होतं. फाइलच्या माथ्यावर टीप: यातली एकही ओळ काढू नये, माणसाला काय बिघडलंय ते कळलंच पाहिजे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वापरणारे वाचतात कुठे? चौकट दिसली की बंद करतात. नुसती मेंढरं.

६ मार्च, गुरुवार
सगळं उडवलं. कुठलीही चूक येवो, एकाच ठिकाणी पकडायची आणि राखाडी चौकटीत एकच ओळ दाखवायची: "काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा." पिवळे इशारेही त्याच जाळ्यात गेले. आमच्या ऑफिसात अ‍ॅप्लिकेशनची चाचणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, निदान औषधांचे तरी राहू द्या. बाईंनी जन्मात एक ओळ कोड लिहिला नसेल, सल्ले मात्र तयार.

जेवताना बायकोनेही तेच टुमणं लावलं. त्या एका इंजेक्शनने चिमणीचा चेहरा कसा सुजला होता, श्वास कसा अडकला होता, विसरलास का, म्हणाली. विसरेन कसा? त्या औषधाचं नाव आम्हा दोघांना तोंडपाठ आहे, इथल्या रुग्णालयात तिच्या नावावर नोंदवलंयही. त्यासाठी जगाचे पडदे पिवळे करायची गरज नाही.

१० मार्च, सोमवार
रुग्णालयात नवं रूप चालू झालं. स्वच्छ, सुटसुटीत. साहेबांनी पाठ थोपटली. बाईंनी तोंड वाकडं केलं, करोत बापड्या.

१२ मार्च, बुधवार
कॉफीचं यंत्र बंद पडलं. काय झालं म्हणून दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा. शब्दन् शब्द माझा. पोट धरून हसलो. संध्याकाळी घरी नळ गळत होता. प्लंबर बेसिनखालून डोकं बाहेर काढून तेच म्हणाला. हल्ली कुणाला धड कारण सांगता येत नाही. एकजात दगड.

१४ मार्च, शुक्रवार
बाई माझ्या टेबलाशी आल्या. तोंड उघडलं, तीच ओळ. पुन्हा उघडलं, तीच. थट्टा वाटली, पण त्यांचे डोळे भरले होते आणि बोट माझ्या पडद्याकडे होतं. साहेबांकडे गेलो. तेही तेच म्हणाले, हसत हसत.

जुनी फाइल परत आणायला बसलो. फाइल आहे. ओळीही मोजून दोनशे बारा. पण सगळ्या एकच —

१७ मार्च, दुपार
शाळेतून फोन, मला आणि बायकोलाही. शिक्षिका तेच बोलल्या. धावत गेलो. चिमणी तापाने फणफणलेली. कुठे दुखतंय, विचारलं. माझ्याकडे बघत म्हणाली — तेच. सगळं, पुस्तकी, न अडखळता. पोरीला अजून "प्रयत्न" म्हणता येत नाही. भीती वाटतेय. फार भीती —

तोच दिवस, रुग्णालय
वही पिशवीत होती म्हणून. बोलता येत नाही. येतं, पण तेवढंच येतं.

नर्सने चिमणीचा नोंदणी नंबर टाकला. राखाडी चौकट. तिने बंद केली. पुन्हा आली. पुन्हा बंद केली — तिने वाचावं असं मी ठेवलंय काय तिथे?

तेच औषध काढलंय. ओरडलो. तीच ओळ. बायको किंचाळली, तीच ओळ. नर्स मान डोलावून धीर देते. सुई हिसकायला गेलो, तर रखवालदारांनी दोघांनाही ओढून बाहेर काढलं. दार बंद. काचेतून दिसतंय. दंड पुसतेय —

मेंढरू मी. मीच.

मोठ्या अक्षरात लिहून पान काचेला लावतो. बघेल. बघायलाच हवं.

ताई थांबा. हिला ते चालत नाही. औषधाचं नाव काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.