डबीवरचं आडनाव

माय, आज तुझ्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. त्यामुळं तुझा जावई तुला माहीत नाही, तुझी नात माहीत नाही, आणि आम्ही इथं वसमतला नव्या कॉलनीत बांधलेलं घरही तू पाहिलेलं नाहीस. ते सगळं सावकाश सांगीन. आधी रिटर्न गिफ्टचं सांगते, कारण त्यानं माझं डोकं पार उठवलंय.

लेकराच्या वाढदिवसाला पोरं येतात, भेटी आणतात, केक खातात, आणि जाताना आपण त्यांनाही काहीतरी द्यायचं, ते म्हणजे रिटर्न गिफ्ट. तू म्हणशील, त्यात नवीन काय, कुणाचं लेकरू आपल्या दारातून रिकाम्या हातानं कधी गेलं? खरं आहे. तू ओंजळभर फुटाणे घालायचीस, फुटाणे नसले तर गुळाचा खडा. पण आता तेवढ्यावर भागत नाही. वस्तू लागते, चमकणाऱ्या पिशवीत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्यावरून लेकराची किंमत ठरते. मागं कॉलनीतल्या एका मुलीनं आतून दिवे लागणाऱ्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या, तेव्हापासून तुझी नात रोज मला विचारून राहिली होती, "मम्मी, आपण काय द्यायचं?" आणि झोपताना हळूच, "पोरं येतील ना आपल्याकडं?"

हा दुसरा प्रश्न माझाही होता. कॉलनीत आम्ही नवे. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, दारावर आडनाव आहे, आणि आडनाव वाचून लोक मनातल्या मनात काय बेरीज करतात ते तुला मी सांगायला नको. कुणी वाईट वागलेलं नाही, हे आधीच सांगते. सगळे हसून बोलतात. पण घरात येऊन पाणी प्यायचा प्रसंग अजून कुणावर आला नव्हता, आणि मला तो प्रसंग बघायचाही होता आणि बघायचाही नव्हता.

तर मी बाजार पालथा घातला. एका दुकानात हाताला चिकटणारा हिरवा चिखल डबीत भरून ठेवलेला, त्याला स्लाइम म्हणतात. पोरं त्यासाठी जीव टाकतात आणि आया तो गादीवरून खरवडत बसतात. दुसरीकडं शिंगवाल्या घोड्याचे कंपास, उघडताना झाकण हातात येणारे. दाबलं की चुईं करणारं बदक. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे हेच नेऊन राहिले, तुमी काहून एवढा विचार करून राहिल्या?" पोराच्या हातात दिलेली चीज घरी गेल्यावर त्याच्या आईच्या कामी यावी, हे तू माझ्या डोक्यात असं काही ठोकून बसवलंयस की सोनेरी कागदातला कचरा विकत घ्यायला माझा हातच पुढं होत नाही. तुझा जावई म्हणाला, "वाढदिवस आहे, सरकारी खरेदी नाही." लेक रडून झोपली. आणि मी, सगळ्यांना वैताग आणून झाल्यावर, भांड्यांच्या दुकानात गेले आणि झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्या घेतल्या.

नाव टाकायच्या मशीनवर बसलेल्या माणसानं डबी उलटीसुलटी करून पाहिली. "ताई, जागा थोडीच हाय. पोरीचं नाव अन् 'सप्रेम भेट' बसंल, न्हाईतर नाव अन् आडनाव. दोन्ही न्हाई बसायचं." बाजूला उभा असलेला तुझा जावई पटकन म्हणाला, "सप्रेम भेट टाका." त्याच्या त्या पटकनपणाचाच मला राग आला. मी म्हटलं, "आडनाव टाका."

कुणामुळं, सांग बरं? मला तुझा पेला आठवला. तू मोंढ्यात, व्यापाऱ्यांच्या बाजारात, हळद निवडायला जायचीस आणि सुट्टीच्या दिवशी मी तुझ्यामागं. दुपारची वेळ आहे, हळदीच्या धुळीनं घसा कोरडा पडलाय, आणि माठाजवळच्या खिडकीत एक जर्मनचा, ॲल्युमिनियमचा गिलास पालथा ठेवलेला आहे. मी हात घालते. तू पोत्यावरून उठून येतेस आणि माझ्या हातावर अशी चापट मारतेस की गिलास घरंगळत दारापर्यंत जातो. "त्याला हात लावायचा न्हाई! आपल्याला पेला न्हाई का?" मला वाटलं, तो कुणा मोठ्या माणसाचा असेल. आपली जात बघून फक्त आपल्यासाठीच तो वेगळा ठेवला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तुझा पेला मात्र तू रोज पदरात बांधून न्यायचीस. औंढ्याच्या जत्रेत घेतला होतास आणि तिथंच नाव टाकून घेतलं होतंस, आडनावासकट. वाचता येत नव्हतं म्हणून मला वाचायला लावलंस. "बराबर हाय का?" मी हो म्हटलं तेव्हा तू अक्षरांवरून बोट फिरवलंस.

म्हणून आडनाव. डबी रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यात शंकरपाळे भरले. वाढदिवसाला पोरं आली, माय, सगळी आली. पाणी प्याली, सांडलं, केक सोफ्याला पुसला. फक्त डब्या पाहून तुझ्या नातीनं तोंड फिरवलं. "हे रिटर्न गिफ्ट नाहीये, हे भांडंय!" तिनं वाटायला साफ नकार दिला. शेवटी तुझ्या जावयानंच दारात उभं राहून पोरांच्या हातात एकेक दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातली बाई फाटकाशी आली. मूळची कळमनुरीकडची, बोलायला मोकळी. पिशवीला गाठ मारून आणलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "ताई, तुमची डबी." आणि गॅसवर दूध आहे म्हणून गेलीसुद्धा. मी हसले असेन बहुतेक. आत येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. थोड्या वेळानं समोरच्या घरातून दुसरी आली, मग मागच्या गल्लीतून तिसरी. आमचं भांडं त्यांच्या घरात एका रात्रीपलीकडं टिकलं नाही, एवढंच मला दिसत होतं. तुझा जावई म्हणाला, "अगं, काही तरी असंल." मी त्याच्यावर ओरडले, "आडनाव वाचलंय त्यांनी, आणखी काय असणार?" लेकीला सांगून टाकलं, उद्यापासून त्यांच्याकडं खेळायला जायचं नाही. ती कारण विचारत होती आणि मला कारण देता येईना. आठ वर्षांच्या पोरीला हे कुठून सुरू करून सांगायचं? तुला तरी कुठं सांगता आलं होतं? तू चापट मारलीस.

त्या पिशव्या मी उघडल्याच नाहीत. लेकीनं उघडल्या. एक डबी कानाशी हलवून म्हणाली, "मम्मी, यात काहीतरी वाजून राहिलं." एकीत तिळाचे लाडू होते, एकीत शेंगदाण्याची चटणी, एकीत रव्याची बर्फी, अजून कोमट. पोरगी ओट्याला टेकून खात सुटली आणि मी झाकणं हातात धरून उभी.

सकाळी मी कोपऱ्यावरच्या बाईला गाठलं आणि म्हटलं, ती भेट होती. तिनं कपाळावर हात मारला. "अव बाई! नाव-आडनाव टाकलेलं भांडं म्हणजे घरचंच असतंय ना! आमाला वाटलं, शंकरपाळे दिले अन् डबी तुमची. मग रिकामी कशी द्यावी म्हणून चटणी घातली. लेकराला तिखट न्हाई ना झाली?"

बघ, कुणाच्याही घरचं भांडं ओळखून, धुऊन, भरून परत करायचं, ही तर तुझीच रीत. मलाच ती ओळखू आली नाही. मी मशीनवाल्यापुढं 'सप्रेम भेट' नको म्हणाले आणि वर लोकांना ती भेट कळली नाही म्हणून जळफळत बसले. माझा राग आहे तो याचा. डोळ्यांत तेल घालून जगायला तू शिकवलंस, पण ते तेल पुसायचं कधी, ते न सांगता गेलीस. आणि लगेच विरघळले असंही समजू नकोस. नंतर आणखी एका घरून डबी आली ती लख्ख धुतलेली आणि रिकामी. त्यांना रीत माहीत नसेल, गडबड असेल, किंवा दुसरं काही असेल. त्या बाईशी मी रोज बोलते आणि बोलताना रोज तेच शोधते. थकायला होतं माय, याचाच कंटाळा आलाय.

तुझी नात मात्र खूश आहे. डब्या तिनं पुन्हा ज्याच्या त्याला नेऊन दिल्या, आणि आता त्या भरून जातात, भरून येतात, त्यावरून संध्याकाळभर पोरांची ये-जा असते. पाण्याच्या बाटल्यांचं नाव तिच्या तोंडी नाही.

काल तिनं पेन शोधायला माझी ऑफिसची पर्स उपसली आणि तुझा पेला बाहेर काढला. ऑफिसात काचेचे गिलास आहेत, कुणी कधी काही म्हटलेलं नाही, तरी मी तो रोज नेते. कुणी विचारलं तर आजारपणाचं कारण सांगते. पोरीनं त्यावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं, आडनावासकट. "हा तर आजीचाय. परत द्यायचा राहिला का गं मम्मी?"

मी हो म्हणाले. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, तसाच तो पेलाही कुठं नेऊन द्यायचा ते. रिकामा देता येत नाही, आणि त्यात काय घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.