एकाच खड्ड्यात

४ सप्टेंबर, हुलसूर
पोचलो एकदाच्या, मी आणि माझी सहा वर्षांची सौम्या. बाजारामागे प्रकल्पानं घेतलेलं घर आहे. पुढच्या खोलीत तापाची तपासणी, मागे आमचं बिऱ्हाड, परसात कडुनिंब. सौम्यानं आल्याआल्या झाडाशी गट्टी केली, तेव्हा उदगीर सोडल्याचं माझं दुःखही निम्मं झालं.

यंत्र शिलाई मशीनएवढं, पण मोठं गुणी. काचेच्या पट्टीत बोटातलं थेंबभर रक्त घालायचं. यंत्र तेलात त्याचे हजारो बारीक थेंब करतं. डेंग्यू असला तर काही थेंब हिरवे उजळतात, मलेरियाला तांबडे, उंदीरतापाला पिवळे. एका टोचणीत सगळे ताप कळतात. खरी करामत तेलाची. ते थेंबाला थेंब मिसळू देत नाही.

निरोगी नमुने हवे होते म्हणून माझं बोट टोचलं. झाडलोट करणाऱ्या कोंडाबाईंचं घेतलं, मग सौम्याही हट्टाला पेटली. तिघींच्या पट्ट्या काळ्याभोर, एकही थेंब उजळला नाही. छान.

८ सप्टेंबर
कोंडाबाईंना मूलबाळ नाही. सौम्याला शेंगा सोलून देतात आणि माझ्यावर डाफरतात. म्हणतात, इथे रक्त सांडलं तर ज्याचं त्यानं आपल्या बांधाला पुरायचं असतं. मंठाळचे काशाप्पा मलेरियानं थरथरत होते, तरी पट्टी मागत बसून राहिले. रोगाचं रक्त घरी कसं देऊ? नाही म्हटलं. तेव्हापासून कुणी फिरकत नाही, आणि गावोगाव माणसं तापानं फणफणताहेत.

१२ सप्टेंबर
पट्ट्या जाळायला नेणारी गाडी आलीच नाही. शेवटी गावोगाव निरोप धाडला, तुमचं रक्त मीच मातीला देते. पण इतके बांध कोण तुडवणार? कडुनिंबाखाली खड्डा केला, चुना टाकला, सगळ्या पट्ट्या ओतल्या. आमच्या तिघींच्यासुद्धा. कुदळीखाली काचा फुटल्या. कोंडाबाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "एका खड्ड्यात न्हाई, बाई. ज्याचं त्याला." मातीला काय कळतंय, असं म्हणून मी हसले.

१५ सप्टेंबर
रांग लागली. जो येतो त्याचे सगळे रंग उजळतात. यंत्रात नुसतं पाणी घातलं तर काळं. म्हणजे यंत्र ठीक आहे.

कोहिनूरच्या राजूबाई मंठाळातल्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीबद्दल रडल्या. मोटार काशाप्पांची. दोघांची ओळखदेखील नाही.

१७ सप्टेंबर
जेवताना सौम्यानं ताट सरकवलं. म्हणाली, "दात न्हाईत मला, सूनबाई. भाकर कुस्करून दे." मग तंबाखू मागितली. अंगात ताप नाही. तिचं रक्त तपासलं — सगळे रंग. मला फार भीती वाटतेय.

१८ सप्टेंबर
सौम्याची पट्टी वेगळी पुरावी म्हणून खड्डा उकरला. काचा कोरड्या, धुतल्यासारख्या. सौम्याची कुठली, कसं ओळखू? कोंडाबाई शेजारी बसून होत्या. एकाएकी सौम्याला सोमू म्हणाल्या. सोमू फक्त मी म्हणते, तेही अंथरुणात. विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, पोटची आहे माझी. अगदी माझ्यासारखं, उदगीरकडचं बोलणं —

१९ सप्टेंबर
उद्या पहिल्या गाडीनं उदगीर. हातावर लिहून ठेवलंय, मी मंजुश्री, सौम्या माझी. सामान बांधलं. मध्येच अंगण का झाडलं, आठवत नाही —

२० सप्टेंबर
सौम्या आज भानावर. हसली. माझ्याकडंच बघून — देवा, बरी झाली पोर —

गाडी —

भांडी घासून झाली. परसात खड्डा कुणी उघडा टाकला? एका खड्ड्यात न्हाई म्हणून सांगितलं होतं म्या.

हातावर कुणाचं तरी नाव लिवलंय. पुसलं.

मंजुश्रीबाईची पोरगी पदर सोडंना. आई, आई करायलीय. कामून करायलीय? मला तर लेकरू न्हाई. हिची आई कुठं गेली म्हणून समद्या घरात बघून आले, बाई कुठंच —